रस्ता धुऱ्याशी थांबतो

बीबी हे लोणार तालुक्यातले, जालना–मेहकर रस्त्यावरचे गाव. या गावातून संध्याकाळी पायी फिरायचे ठरवले, तर दोन प्रकारच्या वाटा पायांखाली येतात. जुन्या गावठाणातली वाट अरुंद, वाकडी, कुणाच्या ओट्याला वळसा घालणारी आणि कुणाच्या गोठ्याशी रेंगाळणारी असते. पण ती कुठे ना कुठे दुसऱ्या वाटेला भेटतेच. चालणाऱ्याला आल्या पावली परतावे लागण्याचा प्रसंग क्वचित येतो. गावाबाहेर हमरस्त्यालगत नव्या प्लॉटांमधला रस्ता मात्र सरळ आणि रुंद आहे. त्यावर मुरूम पडला आहे, दोन्ही अंगांना चुन्याने रंगवलेले खुणेचे दगड आहेत. हा रस्ता दोनतीनशे पावले मोठ्या ऐटीत जातो आणि एका धुऱ्याशी थांबतो. धुरा म्हणजे शेताचा बांध. पलीकडे दुसऱ्याचे वावर, त्यात सोयाबीन. त्या वावरापलीकडे पुन्हा असाच एक रुंद रस्ता, जो अलीकडच्या रस्त्याला कधीच भेटणार नाही.

आम्ही मराठी शिकवणारे अध्यापक आहोत. नगररचना हा आमचा विषय नव्हे. परंतु शब्दांच्या नादाने आम्ही या प्रश्नापर्यंत येऊन पोचलो. चव्हाटा, तिठा, तिकटी, चौक, फाटा, वेस, पेठ, आळी, गल्ली, बोळ, पांदण, गाडवाट हे सारे शब्द वाटांच्या भेटीगाठींचे किंवा त्यांच्या अंताचे शब्द आहेत. आपल्या भाषेने रस्त्याची लांबी फारशी मोजलेली नाही. त्याचा कुणाशी संबंध येतो, हे मात्र फार बारकाईने टिपले आहे. चार वाटा मिळतात तो चव्हाटा. एखादी गोष्ट सर्वांसमक्ष झाली की ती चव्हाट्यावर आली असे आपण म्हणतो, कारण जिथे वाटा मिळतात तिथेच माणसे मिळतात. लोणार आणि मेहकर ही आमच्या पंचक्रोशीतली दोन्ही गावे चक्रधरस्वामींच्या भ्रमणकथेत येतात. पुढे महानुभावांनी स्वामींच्या वास्तव्याच्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’त केली, तीही दिशा आणि सान्निध्य सांगूनच केली. जागा म्हणजे इतर जागांशी असलेले नाते, ही जाण मराठी गद्याला त्याच्या आरंभापासून आहे.

गंमत अशी की आजचे संशोधकही शहरातील रस्त्यांचा विचार नेमक्या याच रीतीने करतात. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील आणि २०२० मध्ये साऱ्या जगातील रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेले प्रश्न साधे आहेत. एका नाक्यावर किती रस्ते मिळतात? किती रस्ते पुढे काहीच नसल्याने संपतात? दोन ठिकाणांतील सरळ अंतर आणि प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर यांत तफावत किती? चार रस्ते मिळणारे नाके जितके अधिक, तितके शहर जोडलेले. बंद गल्ल्या जितक्या अधिक, तितके ते विखुरलेले, मग त्यातले रस्ते कितीही रुंद असोत. अमेरिकेत नव्या वस्त्यांमधील हे तुटलेपण विसाव्या शतकात वाढत गेले आणि १९९०च्या दशकाच्या मध्याला शिगेला पोचून मग ओसरू लागले, असे त्यांना आढळले. जगाच्या मोठ्या भागात मात्र १९७५ नंतर उभ्या राहिलेल्या वस्त्या आधीच्या वस्त्यांपेक्षा कमी जोडलेल्या आहेत. या अभ्यासातला सर्वांत अस्वस्थ करणारा मुद्दा वेगळाच आहे. रस्त्यांची आखणी एकदा झाली की ती जवळजवळ कायमची होते. घरे पडतात, पुन्हा बांधली जातात, मालक बदलतात, राजवटी बदलतात. रस्ता मात्र आपल्या जागी राहतो.

याचा पडताळा घ्यायला फार दूर जावे लागत नाही. आमच्या हमरस्त्याने पश्चिमेला निघाले की सिंदखेड राजा, जालना आणि मग औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी या गावाच्या जागी हे नगर वसवले आणि त्याला नहरीने पाणी दिले. १६५३ पासून औरंगजेबाने, दख्खनचा सुभेदार असताना, ते आपले ठाणे केले. त्याच्याबरोबर आलेल्या सरदारांनी आपापले पुरे वसवले. मिर्झाराजे जयसिंगाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगाचा करणपुरा, त्याचा मुलगा पदमसिंग याचा पदमपुरा, शिवाय बेगमपुरा. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे ही तर त्या शहराची लोकप्रसिद्ध ओळख. आजच्या भाषेत बोलायचे तर सतराव्या शतकातले ते विस्तारलेले, विखुरलेले शहरच होते. प्रत्येक पुरा स्वतंत्र होता आणि आपल्या सरदाराच्या लष्करावर, त्याच्या खर्चावर जगत होता. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली, सरदार गेले आणि पुरे ओस पडू लागले. ज्यांच्या वाटा मुख्य बाजाराशी घट्ट बांधलेल्या होत्या, ते गुलमंडी, शहागंज, सिटी चौक हे भाग मात्र गजबजलेलेच राहिले. आजही त्या भागात पायी शिरले की एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे पाऊल आपोआप पडत जाते. भडकल दरवाजाखालून आता मलिक अंबराची फौज जात नाही, पण त्या काळी वाहत्या झालेल्या वाटा अजून वाहत्या आहेत.

येथवर वाचून कुणी असे समजेल की आम्ही जुन्या गावाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी आहोत. तसे नाही. जुन्या गावातल्या वाटा एकमेकींना भेटत, हे खरे. पण सगळ्या वाटा सगळ्यांसाठी नव्हत्या, हेही तितकेच खरे. गावाला गावकूस होते, वेस होती आणि गावकुसाबाहेर महारवाडा होता, मांगवाडा होता. पाणवठ्याकडे जाणारी वाट होती, पण ती कुणी चालावी याचे नियम होते. वाटांच्या जाळ्यातून एका समाजाला ठरवून बाहेर ठेवणे हे आपल्या गावरचनेचे अंग होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणाला जो रोखठोक नकार दिला, त्यामागे हा अनुभव होता. तेव्हा वाटा जोडणे ही केवळ सोय नव्हे. कोणाला कोणापर्यंत पोचता येईल, याचा तो निवाडा असतो. आणि म्हणूनच आज वाटा तुटत असतील, तर तो केवळ वाहतुकीचा प्रश्न उरत नाही.

आधुनिक काळात आपल्याकडे रस्त्यांविषयी सरकारदरबारी जो विचार सुरू झाला, तो रोगाच्या भीतीपोटी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते चाळी पाडून काढण्यात आले. ज्यांची घरे पडली ते शेजारच्या चाळींत जाऊन कोंबले गेले. १९१४ मध्ये भारतात आलेल्या पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विचारवंताने या पद्धतीला विरोध केला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झालेल्या या माणसाने नागपुरासह अनेक गावे पायी हिंडून अहवाल लिहिले. त्याचे सांगणे असे, की वस्तीतून मोठा रस्ता आरपार चिरत नेण्यापेक्षा चारदोन पडकी घरे काढून बंद बोळ एकमेकांना जोडावेत, मोकळी झालेली जागा झाडांना आणि मुलांना द्यावी. शस्त्रक्रिया करावी, पण रोगी जगेल अशा बेताने. खर्चही कमी आणि उखडली जाणारी माणसेही कमी. आमच्या मते आपल्याकडे रस्त्यांविषयी इतका शहाणा सल्ला त्यापूर्वी आणि त्यानंतरही क्वचितच कुणी दिला असेल.

याच सुमारास, १९१५ मध्ये, मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्यातील नगररचना योजनेची कल्पना समजून घेण्याजोगी आहे, कारण आजच्या गोंधळाचे मूळ तिच्या विस्मरणात आहे. शहराच्या कडेला शेते असतात. ती वेगवेगळ्या आकारांची, वेगवेगळ्या मालकांची असतात. या योजनेत सर्वांच्या जमिनी कागदावर आधी एकत्र करायच्या. त्यावर रस्ते, शाळा, बाग यांची आखणी करायची. मग उरलेली जमीन चांगल्या आकाराच्या प्लॉटांत विभागून ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे परत द्यायची. प्रत्येकाची थोडी जमीन जाते, पण एकाच शेतकऱ्याचे सारे वावर रस्त्यात गेले आणि शेजारी मात्र रातोरात श्रीमंत झाला, असा अन्याय टळतो. मुख्य म्हणजे रस्ता धुऱ्याला जुमानत नाही. आधी रस्ता, मग घर, असा तो क्रम आहे.

आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो मध्य प्रांताला जोडलेला होता. नागपुरात सुधार प्रन्यासाचा कायदा झाला तो १९३६ मध्ये. पुढे महाराष्ट्रासाठी १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. त्यातही नगररचना योजनेची तरतूद राहिली, पण व्यवहारात ती मागे पडली आणि विकास आराखड्यावर सगळा भर आला. आराखडा नकाशावर मोठ्या रस्त्यांच्या रेषा ओढतो, मात्र त्यांखालची जमीन हातात येईतो वर्षे उलटतात. पुण्याच्या १९८७च्या आराखड्यात शहराभोवती उच्च क्षमतेच्या वर्तुळाकार मार्गाची रेषा ओढली गेली. तो मार्ग आजही नकाशावरच आहे. शेजारच्या गुजरातेने मात्र १९७६ च्या आपल्या कायद्याद्वारे नगररचना योजनेचीच कास धरली आणि अहमदाबादचा सुमारे ७६ किलोमीटरचा वर्तुळमार्ग उभा राहिला. त्याच्या जमिनीचा मोठा भाग अशा योजनांतून मिळाला. दोन्ही राज्यांचा वारसा एकच, तो १९१५ चा कायदा. एकाने तो वापरात ठेवला, दुसऱ्याने कपाटात.

आणि मग कपाटाबाहेर जे घडले त्याला विदर्भात ‘ले-आऊट’ म्हणतात आणि सबंध महाराष्ट्रात ‘गुंठेवारी’. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जमीन, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शहराच्या कडेच्या शेतकऱ्याला शेती परवडेनाशी होते, शहरात आलेल्या माणसाला घर हवे असते आणि मधला कुणी वावराचे तुकडे पाडून देतो. कायद्याने अशा तुकड्यांना मनाई होती, तरी व्यवहार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होत राहिले. औरंगाबादची लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे दीड लाख होती, १९९१ मध्ये ती पावणेसहा लाखांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार झाली. सिडकोने १९७०च्या दशकापासून तेथे आखीव वस्त्या उभ्या केल्या. पण शहर त्यांत मावणे शक्यच नव्हते. उरलेले शहर गुंठ्यागुंठ्याने सातारा, देवळाईकडे पसरले. नागपुरात तर ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ अशी केवळ आकड्यांनी ओळखली जाणारी प्रकरणे तयार झाली. २००१ मध्ये शासनाने गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा अधिनियम केला आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात आणली. घरे नियमित झाली, आणि ते आवश्यकच होते, कारण गरिबाच्या आयुष्याची कमाई त्या विटांत होती. परंतु कागदाने घर नियमित करता येते, बंद रस्ता उघडता येत नाही.

येथे आम्हाला जी गोष्ट उमगली ती अशी. गुंठेवारीतला रस्ता का थांबतो? मालकाचे वावर संपले म्हणून. वावर तिथेच का संपते? तिथे सर्व्हे नंबरची हद्द आहे म्हणून. आणि ती हद्द कुणी घातली? वऱ्हाडात ती बव्हंशी १८६०च्या दशकात सुरू झालेल्या जमीनमोजणीने घातली. ती मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. किती जमिनीचा किती आकार, एवढाच तिचा प्रश्न होता. ज्यांनी साखळ्या टाकून ते धुरे निश्चित केले, त्यांच्या स्वप्नातही नसेल की दीडशे वर्षांनी एखादी मुलगी शाळेत कोणत्या वाटेने जाईल किंवा रुग्णवाहिका किती वळसा घालून येईल हे त्या हद्दीवरून ठरणार आहे. आपण समजतो की आपली शहरे बेशिस्तपणे वाढतात. बारकाईने पाहिले तर ती एका जुन्या शिस्तीने वाढतात, फक्त ती शिस्त शेतसाऱ्याची आहे, नागरी जीवनाची नाही. पांदण आणि शिवरस्ता या धुऱ्यांमधल्या सामाईक वाटा होत्या. बैलगाडी गेली तशा त्याही आक्रसत गेल्या आणि नव्या ले-आऊटांना एकमेकांकडे जाण्याचा तेवढाही आधार उरला नाही.

यात आम्ही केवळ प्रेक्षक आहोत असा आव आणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी नोकरीत स्थिरावल्यावर आम्हीही एका शहराच्या कडेला अशाच एका ले-आऊटमध्ये शेजारीशेजारी प्लॉट घेतले. आमचा रस्ता पुढे बंद होता आणि खरे सांगायचे तर त्याचाच आम्हाला आनंद झाला होता. रहदारी नाही, धूळ नाही, मुले निर्धास्त खेळतील. विकणाऱ्यानेही ते गुण म्हणूनच सांगितले. पुढे मुले शाळेत जाऊ लागली. शाळा आमच्या मागच्या भिंतीपलीकडे, तिची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. पण तिथे पोचायला हमरस्त्यावर येऊन, ट्रकांच्या बाजूने चालत, दुसऱ्या ले-आऊटमधून आत शिरावे लागे. मुले पायी जाऊ शकली असती, तरी आम्ही त्यांना दुचाकीवरून पोचवत असू. एकदा भिंतीत फाटक ठेवण्याचा विषय निघाला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बहुतेकांनी नकार दिला. ‘मग कोणीही येईल,’ असे सर्वांचे म्हणणे. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. ‘कोणीही’ म्हणजे कोण, हे त्या बैठकीत कुणी बोलले नाही, पण भिंतीपलीकडची वस्ती कुणाची आहे हे सर्वांना ठाऊक होते. गावकूस पडून गेले असे आपण समजत होतो. ते आपणच, बँकेचे कर्ज काढून, पुन्हा बांधले होते.

बंद रस्त्याची ही शांतता शहराला महागात पडते. सगळ्या गल्ल्या आपापली माणसे एकाच हमरस्त्यावर ओततात. मग तो तुंबतो, मग तो रुंद होतो, मग त्यावर उड्डाणपूल येतो. पुण्याच्या सिंहगड रस्त्याची कथा ही अशी आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कालवा आणि टेकड्या, मधल्या पट्टीत वस्तीचा महापूर आणि साऱ्यांना मिळून प्रामुख्याने एकच रस्ता. शेजारच्या गल्लीत जायलाही त्याच रस्त्यावर यावे लागत असेल, तर दोष वाहनांच्या संख्येचा जितका, तितकाच न जोडलेल्या गल्ल्यांचाही आहे. कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या रस्त्यांना आपण अरुंद म्हणून नावे ठेवतो, पण तिथे एक वाट अडली तर दुसरी असते.

आता पुन्हा बीबीकडे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–शिर्डी टप्प्यापासून सुरू झालेला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या भागातून, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. प्रवासाला त्याचा लाभ आहे, तो आम्हीही घेतो. पण रस्त्यांच्या इतिहासात तो एक नवलच आहे. हा चव्हाटा नसलेला रस्ता. ठरावीक ठिकाणीच चढायचे आणि ठरावीक ठिकाणीच उतरायचे. त्याच्या कुंपणाशी शेतवाटा थांबतात किंवा वळसा घेऊन पुलाखालून जातात. वेगासाठी हे अपरिहार्य असेल. मात्र अशा मार्गाच्या उतरंडीजवळ आणि जुन्या हमरस्त्याच्या कडेला जमिनीचे भाव चढतात, खुणेचे दगड रोवले जातात आणि गावे पसरू लागतात. औरंगाबादेत जे १९८०च्या दशकात घडले, ते आता लहान गावांच्या दाराशी आले आहे.

म्हणूनच बीबीसारखे गाव आज एका दुर्मीळ क्षणी उभे आहे. शहराला झालेल्या चुका दुरुस्त करायला भिंती पाडाव्या लागतात. येथे अजून वावरेच आहेत. दोन ले-आऊटांमधल्या धुऱ्यावर तीस फुटांची वाट आज सुटली, तर ती चार शेतकऱ्यांच्या संमतीचा प्रश्न आहे. दहा वर्षांनी तो चाळीस घरांच्या पाडापाडीचा होईल, म्हणजेच होणार नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, गावाच्या नकाशावर पांदणी आणि शिवरस्ते जपून त्यांनाच उद्याचे रस्ते मानणे एवढे पुरते. नवा ले-आऊट मंजूर करताना एकच प्रश्न विचारावा: हा रस्ता शेजारच्या रस्त्याला कुठे भेटतो?

परवा आम्ही पुन्हा त्या नव्या प्लॉटांकडे गेलो होतो. रस्ता जिथे संपतो, तिथे धुऱ्यावरच्या बाभळीशेजारून गवतात एक बारीक पायवाट पडलेली दिसली. पलीकडच्या ले-आऊटमधल्या बाया आणि शाळेची मुले वावराच्या कडेने अलीकडे येतात. नकाशात ती नाही, मालकाने ती दिलेली नाही. पिकाला पाणी देताना तो ती मोडतो आणि चार दिवसांत ती पुन्हा उमटते. जिथे उद्या भिंत होणार आहे, नेमकी तिथूनच ती जाते.